मारियोटाबाईंची शपथ

ग्लासगोमधल्या ज्या आर्काइव्हमध्ये वरदा सबनीस नोकरी करत होती, तिथे तिच्या टेबलावर गेली तीन वर्षं एकाच बाईचे दस्त होते. वासराच्या कातड्यावर लॅटिनमध्ये लिहिलेले, सव्वीस. बाईचं नाव मारियोटा. साडेसहाशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या क्रेगारन नावाच्या डोंगरी किल्ल्यात राहणारी, एका मध्यम जहागिरीची धनीण. वरदाचं काम एवढंच, की दस्त वाचायचे आणि त्यांची सूची करायची. पण तीन वर्षं एखाद्या बाईचा संसार वाचल्यावर ती परकी कशी राहील? घरी जेवताना मारियोटाबाईंच्या गोष्टी निघत. चौदाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं, सोळाव्या वर्षी नवरा नदी ओलांडताना बुडाला. बापाने वर्ष उलटायच्या आत सर गिल्बर्टशी दुसरं लावून दिलं. तीन मुली, दोन मुलगे. धाकटी बहीण मठात, तिच्यावर जीव. सख्ख्या भावाशी मात्र आईकडून आलेल्या जमिनीवरून आयुष्यभर उभा दावा.

"म्हणजे आमच्या साताऱ्याच्या आत्यासारखंच की," यतीन म्हणायचा. यतीन तिचा नवरा. पुण्याहून आलेला, भूलतज्ज्ञ, ग्लासगोच्या हॉस्पिटलात पंचवीस वर्षं माणसांना झोपवून पुन्हा उठवलेला. त्याला मारियोटाबाईंचा भाऊ फार आवडे. "असा एक तरी पाहिजे घराण्यात," म्हणे.

त्याला पित्तनलिकांचा आजार होता. दारूला कधी न शिवलेल्या माणसाचं लिव्हर आतल्या आत आवळत जातं, असा तो आजार. नऊ-दहा वर्षं गोळ्यांवर निभलं. त्या उन्हाळ्यात त्याचे डोळे हळदीसारखे झाले. अंगाला अशी खाज सुटे, की वरदा त्याची नखं एक दिवसाआड कापायची. सप्टेंबरात एका सकाळी तिने पाहिलं, तर यतीन रिकामी किटली चालू करून तिच्यासमोर उभा होता आणि त्याला पुढे काय करायचं ते आठवत नव्हतं.

"रक्तातला अमोनिया वाढला की असं होतं," संध्याकाळी भानावर आल्यावर त्यानेच तिला समजावलं, पेशंटच्या नातेवाइकांना समजावतात तसं. "वेटिंग लिस्टवर नाव आहे. पण माझ्या रक्तगटाचं आणि मापाचं लिव्हर मिळेपर्यंत..." वाक्य त्याने तिथेच सोडलं.

त्यांचा मुलगा कुश इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला नोकरी करत होता, चोवीस वर्षांचा, एकुलता एक. तो ऑक्टोबरात आठवडाभर घरी आला आणि तिसऱ्या दिवशी भाजी वाढून घेता घेता म्हणाला, "आई, मी माझी टेस्ट केली. बाबाचा आणि माझा ब्लड ग्रुप सेम आहे. मी लिव्हर देणार आहे. म्हणजे, हाफ. ते परत वाढतो."

"वाढतं," वरदा म्हणाली. सवयीने व्याकरण सुधारलं आणि मग आपण काय ऐकलं ते तिच्या लक्षात आलं. हातातला डाव पातेल्यात पडला.

यतीन मान खाली घालून जेवत होता. त्याला माहीत होतं. बापलेकाचं आधीच बोलणं झालेलं होतं.

पुढचे दिवस भराभर गेले. एडिंबरोच्या हॉस्पिटलात कुशची स्कॅन झाली, हृदय तपासलं, रक्त तर किती वेळा घेतलं कोण जाणे. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची डॉक्टरमंडळी वेगळी असतात, देणाऱ्याचं हित पाहणारी माणसं स्वतंत्र असतात, हे सगळं तिथल्या मॉराग नावाच्या नर्सने वरदाला नीट सांगितलं. मॉराग देणाऱ्यांच्या बाजूची कोऑर्डिनेटर, पन्नाशीची, ठेंगणी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी.

"मरायची शक्यता किती?" वरदाने विचारलं.

"दोनशेत एक, साधारण. आम्ही ते लपवत नाही."

"मी त्याची आई आहे. माझं मत कोण विचारणार?"

"कोणी नाही," मॉराग शांतपणे म्हणाली. "निर्णय कुशचा. एक स्वतंत्र माणूस त्याला एकट्याला भेटेल आणि विचारेल, की तुझ्यावर कोणाचा दबाव आहे का? जराही शंका आली तर आम्ही थांबतो. शेवटच्या मिनिटालासुद्धा."

ऑपरेशनची तारीख मिळाली, नऊ डिसेंबर.

त्या आठवड्यात आर्काइव्हमध्ये वरदाने सतरावा दस्त पुन्हा काढला. काढायची गरज नव्हती, त्यातला शब्द न् शब्द तिला पाठ होता. सीमेवरच्या लढाईत सर गिल्बर्ट इंग्रजांच्या हाती लागले. निरोप आला, की त्यांना सोडू, पण शांतता पाळाल याची हमी म्हणून त्यांच्या जागी थोरला मुलगा द्या. थोरल्याचं नाव ह्यू, वय एकोणीस. तो आईच्याही जमिनीचा वारस, म्हणून आईची संमती हवी. आणि त्या काळी बायकोची संमती घ्यायची तर ती नवऱ्याच्या माघारी, साक्षीदारांसमोर घेत. मारियोटाबाईंनी बायबलवर हात ठेवून शपथ घेतली, की माझ्यावर बळजबरी नाही, मला कोणाचं भय नाही, मी राजीखुशीने देते आहे. खाली त्यांची मोहोर. मेणावर अंगठ्याचा ठसा उमटलेला, दाबताना हात घसरावा तसा तिरपा.

सर गिल्बर्ट घरी आले. चार वर्षांनी मठातल्या एका नोंदीत ह्यूचं नाव येतं. इंग्लंडच्या कोणत्याशा किल्ल्यात तापाने गेला. प्रेतही परत आलं नाही. सर गिल्बर्ट त्यानंतर बावीस वर्षं जगले.

त्या दुपारी वरदा लवकर घरी आली. तपासण्यांसाठी घरीच राहिलेला कुश फोनवर ऑफिसचं काम करत वरच्या खोलीत होता. यतीन खिडकीपाशी शाल घेऊन बसला होता. बाहेर पावसाची पिरपिर आणि चार वाजताच दाटलेला अंधार. त्या दिवशी त्याचं डोकं स्वच्छ होतं, म्हणून तिने दार लावून घेतलं आणि विचारलं, "तू त्याला 'नाही' का म्हणत नाहीस?"

यतीनने शाल छातीशी ओढून घेतली.

"यतीन, तू भूल देणारा माणूस आहेस. टेबलावर काय काय होतं ते तुझ्याइतकं कोणाला माहीत? ते पोर उत्साहात आहे. बाप म्हणून तू एकदा नाही म्हणालास तर विषय संपतो."

"माहीत आहे."

"मग?"

"मला मरायचं नाहीये, वरदा." तो तिच्याकडे न बघता बोलला. "त्याने विचारलं तेव्हा मी नाही म्हणेन असं मलाही वाटलं होतं. तोंड उघडलं आणि हो आलं. रोज सकाळी ठरवतो, आज सांगू त्याला. नाही होत. भीती वाटते गं. फार भीती वाटते."

तीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. तिला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याचा असा संताप आला, की ती उठून बाहेर गेली. जिन्यात कुश भेटला. त्याने सगळं ऐकलं असावं किंवा तिचा चेहरा वाचला असावा.

"आई, डोंट स्टार्ट," तो म्हणाला. "मी ठरवला आहे. मला माहीत आहे तू काय विचार करते. पण मी ह्यू नाही. मला कोणी पाठवत नाही. मी स्वतः जातोय."

"आणि तुला काही झालं तर?"

"आणि बाबाला झाला तर? मी काय करू, मिल्टन कीन्सला बसून वाट बघू?"

दोघांपैकी कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं, असा प्रश्न तिने स्वतःला आडवळणानेसुद्धा विचारला नव्हता. आता तो जेवताना, कामावर, बसमध्ये तिच्याशेजारी येऊन बसायचा. यतीनची नखं कापताना तिच्या मनात यायचं, हा गेला तर कुश वाचेल. मग ती नेलकटर खाली ठेवून द्यायची.

नोव्हेंबरच्या शेवटच्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत, आर्काइव्हच्या मागच्या अंगणात उभं राहून तिने मॉरागला फोन केला.

"मला एक सांगायचंय. कुशवर दबाव आहे."

"कोणाचा?"

"माझा." हे तिने आधीपासून ठरवलं नव्हतं. पण यतीनचं नाव घेववलं नाही. "मी त्याला सांगितलं, की तू दिलं नाहीस तर बापाच्या मरणाला तू जबाबदार. रोज सांगते. तो माझ्या भीतीने तयार झालाय."

मॉरागने विचारलं, "वरदा, हे खरं आहे?"

"हो."

"तुम्ही फोन केलात हे मी त्याला सांगणार नाही. पण आता मला थांबावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," वरदा म्हणाली. फोन ठेवून ती पुन्हा कामावर गेली.

तिला वाटलं होतं, आता हे कायमचं थांबेल. तसं झालं नाही. एडिंबरोहून कुशला फोन आला, की कोणीतरी शंका व्यक्त केली आहे, त्यामुळे मानसोपचारतज्ज्ञाच्या आणखी काही भेटी होतील आणि नऊ डिसेंबर रद्द. नवी तारीख जानेवारीअखेर, तीही सगळं समाधानकारक वाटलं तर.

कुश फोन ठेवून सरळ यतीनच्या खोलीत गेला. वरदा दारात उभी राहिली.

"बाबा, तूच सांगितला ना त्यांना?" कुशचा आवाज फाटला होता. "माझ्यावर प्रेशर आहे म्हणून? मला वाचवायला? यू हॅड नो राइट!"

यतीनने कुशकडे पाहिलं. मग मान वळवून दारातल्या वरदाकडे पाहिलं. पिवळ्या डोळ्यांचा तो चेहरा तिच्यावर क्षणभर स्थिर झाला, आणि तिला कळलं, की याला कळलं.

"हो," यतीन म्हणाला. "मी सांगितलं."

कुश गुडघ्यांवर बसला आणि बापाच्या मांडीत डोकं खुपसून लहान मुलासारखा रडला. यतीनने त्याच्या केसांवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी कुश औषधं आणायला गेला तेव्हा दोघं एकटी होती.

"शिव्या दे मला," वरदा म्हणाली.

"कशाला? जे मी करायला हवं होतं ते तू केलंस." त्याला धाप लागत होती. "फक्त एक कर. त्याला सांगू नकोस. तो माझ्याकडे काल जसा बघत होता ना... एवढं राहू दे मला."

तिने त्याचा हात हातात घेतला आणि शब्द दिला.

कुशने माघार घेतली नाही. दर आठवड्याला एडिंबरोला जाऊन तो त्या तज्ज्ञाला भेटत राहिला. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मॉरागचा फोन आला, की सगळ्यांची संमती आहे, सत्तावीस तारीख. पण ती तारीख यायच्या आधीच यतीनच्या पोटात साठलेल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला. मग किडन्या थकल्या. आयसीयूमधल्या डॉक्टरांनी वरदाला आणि कुशला एका लहान खोलीत बसवून सांगितलं, की आता लिव्हर हाताशी असलं तरी यतीनना ऑपरेशन सोसणार नाही. जशा खोलीत यतीनने शेकडो नातेवाइकांना बसवलं असेल तशीच ती खोली होती, टिशूचा डबा, खिडकीबाहेर पार्किंग. कुश पुन्हा पुन्हा विचारत होता, "पण डिसेंबरमध्ये? डिसेंबरमध्ये झाला असता तर?" डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही. वरदा समोरच्या भिंतीकडे बघत बसली.

एकोणीस जानेवारीला, रविवारी सकाळी, यतीन गेला.

अंत्यसंस्काराला लंडनकडच्या हॅरोहून यतीनची बहीण आली, हॉस्पिटलातली माणसं आली, मराठी मंडळाची आली. कुश बोलायला उभा राहिला. "माझा बाबा," तो मराठीत म्हणाला आणि मग इंग्रजीकडे वळला, "माझ्या वडिलांना जगायची संधी होती. त्यांनी ती घेतली नाही, कारण ती माझ्या शरीरातून जात होती." लोक रडले. यतीनच्या बहिणीने वरदाला घट्ट धरलं आणि म्हणाली, "केवढा मोठा माणूस होता गं माझा भाऊ." वरदाने मान हलवली. त्या क्षणी तिला ओरडावंसं वाटलं, आणि कोणावर ते कळेना.

कामावर परतल्यावर तिने मारियोटाबाईंचा शेवटचा दस्त सूचीत घातला. म्हातारपणी, सर गिल्बर्ट वारल्यावर, बाईंनी एका देवळाला जमीन दिली, काही आत्म्यांसाठी रोज प्रार्थना व्हावी म्हणून. नावं त्यांनी स्वतः सांगितलेली. आई, बाप, बुडालेला पहिला नवरा, मठातली बहीण, ज्याच्याशी जन्मभर भांडल्या तो भाऊसुद्धा, आणि ह्यू. सर गिल्बर्टचं नाव त्यात नाही. वरदाने आजवर ते रागाचं लक्षण मानलं होतं, मुलाच्या बदल्यात घरी आलेल्या माणसावरचा राग. एका निबंधात तसं लिहिलंही होतं. आता तिला वाटलं, आपल्याला काय माहीत? कदाचित गिल्बर्टच म्हणाले असतील, माझं नाव घालू नकोस. तिने सूचीत फक्त लिहिलं: पतीचा उल्लेख नाही, कारण अज्ञात.

मार्चमध्ये कुशच्या ऑफिसातल्या राजीव नावाच्या मित्राचा तिला फोन आला. कुश तीन आठवडे कामावर आलेला नव्हता. दार उघडत होता, पण बोलत नव्हता, धड खात नव्हता. "आंटी, तो सारखा एकच म्हणतो," राजीव चाचरत म्हणाला. "की बाबा माझ्यासाठी मेला, आता मी त्याच्या लायकीचं काय करू?"

वरदाने दुसऱ्याच दिवशी सकाळची गाडी पकडली. साडेचार तासांच्या प्रवासात तिने यतीनला दिलेला शब्द मनातल्या मनात कितीदा मोडला आणि कितीदा जोडला. मेलेल्या माणसाने मागितलेली एकच गोष्ट. पण ती राखायची तर जिवंत पोराच्या छातीवर धोंडा ठेवायचा.

मिल्टन कीन्सच्या स्टेशनवरून ती चालतच निघाली आणि चुकली. लाल फरसबंदीच्या त्या पायवाटा सगळ्या सारख्याच, एका भुयारी वाटेतून बाहेर यावं तर पुढे पुन्हा तसलीच, वरच्या वर्तुळाकार चौकांतून गाड्या गोल गोल फिरताहेत. पाऊण तासाने ती त्याच्या दारात पोचली. कुशने दार उघडलं. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती. त्या दाढीत तो हुबेहूब तरुण यतीन दिसत होता.

तिने कोटही काढला नाही. उभ्या उभ्याच म्हणाली, "कुश, बाबाने फोन केला नव्हता. मी केला. मीच खोटं सांगितलं, की मी तुझ्यावर दबाव टाकते. बाबाला तू लिव्हर द्यावंस असं वाटत होतं. त्याला जगायचं होतं. त्याला फार भीती वाटत होती."

कुश भिंतीला टेकला. "त्याला माहीत होतं? तू केला ते?"

"हो. मी केलेलं त्याने स्वतःवर घेतलं. आणि तुला सांगू नकोस, असं मला म्हणाला."

"सो यू किल्ड हिम," कुश म्हणाला. आवाजात राग नव्हता, नुसती चौकशी करावी तसा तो होता.

"डिसेंबरमध्ये झालं असतं तर कदाचित तो वाचला असता. कदाचित तुम्ही दोघंही. कदाचित कोणीच नाही. मला माहीत नाही, बाळा. मला फक्त तू हवा होतास. त्याच्यापेक्षा जास्त. हे मी अजून कोणासमोर बोलले नाही."

कुश खाली बसला, तिथेच दाराशी, चपलांच्या शेजारी. ती वाट बघत होती, की आता तो तिला जा म्हणेल. तो गेली पंधरा वर्षं तिच्यावर चिडला की इंग्रजीत भांडायचा. आता मात्र मराठीत बोलायला लागला, अडखळत, शब्द शोधत.

"आई, त्या दिवशी एडिंबरोचा फोन आला ना, की नऊ तारीख कॅन्सल... पहिला सेकंद मला काय वाटला, सांगू? मला बरं वाटला." त्याने तोंड हातांनी झाकलं. "रोज सकाळी मला पॅनिक व्हायचा. मी कोणाला बोललो नाही. मी त्या सायकॉलॉजिस्टला पण खोटं बोललो, की मी फाइन आहे. मला वाटायचा कोणीतरी थांबवू दे. आणि तू थांबवलं. आणि मग मी बाबाच्या मांडीवर रडलो, तो दुःखाने नाही, आई. तो रिलीफने. आणि बाबा माझ्या डोक्यावरून हात फिरवत होता."

तुझी काही चूक नाही, असं वरदाला म्हणता आलं असतं. पण ते त्याला पटलं नसतं, आणि तिलाही कोणी म्हटलं असतं तर पटलं नसतं. तिने गुडघे दुमडले आणि कोटासकट त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. जागा अरुंद होती, त्यामुळे खांदे टेकले. त्याने खांदा काढून घेतला नाही. जवळही सरकला नाही.

मग तो म्हणाला, "मी तुझ्यावर खूप रागावलोय."

"असणारच."

"हे लवकर जाणार नाही."

"जाऊ नये लवकर," ती म्हणाली.

बाहेर शाळा सुटली होती. पायवाटेवरून मुलं ओरडत सायकली हाकत चालली होती. कुशने डोळे पुसले आणि तिच्याकडे न बघताच विचारलं, की ती काही खाऊन निघाली होती का. नाही, ती म्हणाली. मग तो भिंतीचा आधार घेत उठला आणि स्वयंपाकघरात गेला. फ्रिज उघडल्याचा, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग पुन्हा बंद केल्याचा आवाज आला.

"आई, घरात काहीच नाही," तो आतून म्हणाला. "बाहेर जायला लागेल."

ती कोटाच्या गुंड्या चाचपत उठली.